ओबामा हरणार, या हिशेबावर मुलीच्या कॉलेजचे पैसे थांबवावेत का?

प्रश्न (सप्टेंबर २०१२, थोडक्यात): मी न्यू जर्सीत असतो, वय ४६. आम्हा दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न १,७५,००० डॉलर. ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यात ३,१०,००० डॉलर आहेत. मुलगी पुढच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे २०१३ ला कॉलेजला जाईल. तिच्या ५२९ खात्यात (कॉलेजसाठीच्या बचत खात्यात) ६८,००० आहेत, सगळे शेअर फंडांत. शिवाय ब्रोकरेज खात्यात ४२,००० आहेत, त्यातला १६,००० नफा. रुझवेल्टनंतर ७.२ टक्क्यांहून जास्त बेकारी असताना एकही अध्यक्ष पुन्हा निवडून आलेला नाही आणि ऑगस्टचा आकडा ८.१ आहे. म्हणजे ओबामांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी येणार आणि बाजार उसळणार. म्हणून ५२९ ला निवडणूक होईपर्यंत हात लावायचा नाही, आणि ४०१(के) वर २५,००० चं कर्ज काढायचं: १०,००० इंट्रेडवर (निकालांवर पैसे लावायच्या ऑनलाइन बाजारात) रॉम्नींच्या नावावर, १५,००० कोळसा आणि बँकांच्या शेअरमध्ये. बायको म्हणते हा जुगार आहे. मी म्हणतो हा अभ्यास आहे. तुमचं मत?

उत्तर:

कर्ज काढू नका, आणि ५२९ चे पैसे निवडणुकीची वाट न बघता या आठवड्यातच हलवा. ओबामा येवोत की रॉम्नी, हा सल्ला बदलत नाही.

आधी तुमचा अभ्यास बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. १९४८ पासून आजवर विद्यमान अध्यक्ष स्वतः उभा राहिला अशा निवडणुका झाल्या दहा. सात जण जिंकले, तिघे हरले: १९७६ ला फोर्ड, १९८० ला कार्टर, १९९२ ला थोरले बुश. त्या तिन्ही नोव्हेंबरांत बेकारी अनुक्रमे ७.८, ७.५ आणि ७.४ टक्के होती. १९८४ ला रेगन ७.२ वर उभे होते आणि ५० पैकी ४९ राज्यं घेऊन गेले. उरलेल्या सहा निवडणुकांत बेकारी सहा टक्क्यांच्या आतच होती, त्यामुळे ७.२ च्या रेषेबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. थोडक्यात तुमचा नियम तीन हरलेल्या आणि एका जिंकलेल्या माणसावर टेकलाय. शिवाय सुरुवातीचं 'रुझवेल्टनंतर' हे मुद्दाम घातलंय, कारण १९३६ ला बेकारी दोन आकडी असताना रुझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले होते. नियमात बसत नाही त्याला बाहेर उभं करायचं आणि मग नियम कधी चुकत नाही म्हणायचं!

त्याच चार निवडणुका मला वेगळं काही सांगतात. रेगन यांच्या काळात बेकारी १९८२ च्या अखेरीस १०.८ टक्क्यांवर होती, तिथून ती ७.२ वर उतरली. कार्टर यांच्याकडे उलटं झालं: निवडणुकीच्या वर्षाच्या सुरुवातीला ६.३ होती, नोव्हेंबरपर्यंत साडेसातवर चढली. लोक आकडा पाठ करून मत द्यायला जात नाहीत. शेजारच्याला नोकरी लागली की गेली, ते त्यांना कळतं. ओबामांचा आकडा ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्के होता, आज ८.१ आहे. उतार रेगन यांच्याइतका जोरदार नाही, पण दिशा तीच आहे. सप्टेंबरचा आकडा ५ ऑक्टोबरला येईल, पहिली वादफेरी ३ तारखेला डेन्व्हरला आहे. आणि थोरल्या बुशना आखाती युद्ध जिंकल्यावर गॅलपच्या चाचणीत ८९ टक्के लोकांची पसंती होती, तरी पुढच्या वर्षी ते पडले. सहा-सात आठवड्यांत काय होईल यावर छातीठोक बोलणाऱ्याच्या हातात मी तरी पैसे देणार नाही.

(वॉशिंग्टनच्या रेडस्किन्स या अमेरिकन फुटबॉल संघाने निवडणुकीआधीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना जिंकला की सत्ताधारी पक्ष राहतो, हाही एक 'नियम' आहे. १९४० पासून २००० पर्यंत तो बरोबर निघाला, २००४ ला फसला. त्याच्या बाजूने तुमच्या बेकारीपेक्षा जास्त निवडणुका होत्या.)

माझा अंदाज विचाराल तर ओबामा पुन्हा येण्याची शक्यता मला पासष्ट-सत्तर टक्के वाटते. खुर्चीवर बसलेल्याला हलवणं अवघड असतं, एवढंच त्यामागचं कारण. म्हणजे तुमचे रॉम्नीही दहात तीन-साडेतीन वेळा येतीलच की. पैसे लावायचे तर प्रश्न भावाचा आहे. इंट्रेडवर करार खरा ठरला तर १० डॉलर मिळतात. समजा रॉम्नींचा करार ३ डॉलरला मिळतोय. १०,००० मध्ये साधारण ३,३३३ करार येतील. रॉम्नी आले तर ३३,३३० डॉलर, नाही आले तर शून्य. हा सौदा फायद्याचा ठरायला शक्यता ३० टक्क्यांहून स्पष्टपणे जास्त हवी, आणि तसं मानायला तुमच्याकडे चार निवडणुकांपलीकडे पुरावा नाही. त्यात ही कंपनी आयर्लंडची. आपल्या सीएफटीसीची, म्हणजे वायदेबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, तिच्यावर देखरेख नाही. याच सीएफटीसीने एप्रिलमध्ये नेडेक्स या अमेरिकेतल्या एक्सचेंजला निवडणुकीवरचे करार विकायला मनाई केली. उद्या आयर्लंडमध्ये पैसे अडकले तर कोणाचं दार ठोठावणार? हौसच असेल तर आयोवा विद्यापीठाचा इलेक्ट्रॉनिक बाजार १९८८ पासून चालू आहे, तिथे ५०० डॉलरची मर्यादा आहे. तेवढ्यात हौस भागते. वहिनींना सांगून भरा, म्हणजे झालं.

आता दुसरा अंदाज, ज्याकडे तुम्ही बघितलंच नाही: रॉम्नी आले तर कोळसा आणि बँका वर जातील. निकाल आजच कळला असं धरलं तरी हे त्यातून निघत नाही. कोळशाचं दुखणं व्हाइट हाउसमध्ये कमी आणि शेल गॅसच्या (खडकातून काढलेल्या नैसर्गिक वायूच्या) विहिरींत जास्त आहे. एप्रिलमध्ये नैसर्गिक वायूचा भाव दहा लाख बीटीयूला (हे उष्णतेचं माप) २ डॉलरच्याही खाली गेला, आणि त्याच महिन्यात देशात गॅसवर तयार झालेली वीज कोळशावरच्या विजेच्या बरोबरीला आली. जुलैमध्ये पॅट्रियट कोलने दिवाळखोरी जाहीर केली. वीजकंपन्या स्वस्त इंधन जाळतात, मग अध्यक्ष कुणी का असेना. बँकांचं म्हणाल तर डॉड-फ्रँक हा बँकांवर निर्बंध घालणारा कायदा रद्द करायला सिनेटमध्ये ६० मतं लागतील, ती रॉम्नी कुठून आणणार? आणि ओबामा म्हणजे बाजाराला वाईट, हा समज तपासायचा तर २० जानेवारी २००९ घ्या. शपथविधीच्या दिवशी डाऊ हा शेअर निर्देशांक ३३२ अंकांनी पडला. त्या दिवशी घाबरून विकणाऱ्यांना आपलं बरोबर ठरलं असं मार्चपर्यंत वाटलंही असेल; ९ मार्चला एस अँड पी ५०० बंद झाला ६७६ वर. आज, सप्टेंबर २०१२ मध्ये, तोच निर्देशांक साडेचौदाशेच्या घरात आहे.

४०१(के) चं कर्ज हा या योजनेतला सगळ्यात वाईट भाग आहे, आणि तो तुम्ही सहज लिहून गेलात. तुमच्या कंपनीचं विलीनीकरण चालू आहे हेही पत्राच्या शेवटी तुम्हीच लिहिलंय. २०१२ च्या नियमांप्रमाणे नोकरी गेली की बहुतेक योजनांत उरलेलं कर्ज साधारण ६० दिवसांत फेडावं लागतं. नाही जमलं तर ती रक्कम काढून घेतलेली धरली जाते: त्यावर आयकर, आणि वयामुळे वर १० टक्के दंड. २५,००० वर नुसता दंडच २,५०० डॉलर. हे सगळं घडेल तेव्हा मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षात असेल.

म्हणून ५२९ बद्दल मला खरी घाई आहे. २००८ साली एस अँड पी ५०० ने लाभांश धरूनही ३७ टक्के गमावले. तसं वर्ष पुन्हा आलं तर ६८,००० चे सुमारे ४३,००० होतील, आणि कॉलेज काही बाजार सावरेपर्यंत बिल थांबवून ठेवणार नाही. फीची पहिली दोन वर्षं, म्हणजे वर्षाला २५,००० धरून ५०,००० डॉलर, आता अल्प मुदतीच्या रोख्यांत किंवा योजनेतल्या स्थिर मूल्याच्या पर्यायात न्या. उरलेले १८,००० शेवटच्या दोन वर्षांसाठी आहेत, ते अर्धे शेअर अर्धे रोखे असे ठेवायला हरकत नाही. रॉम्नी आले आणि बाजार उसळला तर पाच-सात हजारांचा फायदा हुकेल, हे मान्य. पण फीच्या पैशात तेवढे हुकलेले चालतात. पंचवीस हजारांचा खड्डा पडला तर तो पेरेंट प्लस लोन (पालकांना मिळणारं सरकारी शैक्षणिक कर्ज) काढून भरावा लागतो.

एका बाबतीत मात्र तारखेकडे बघायलाच हवं, आणि ती ६ नोव्हेंबर, म्हणजे मतदानाची, नाही. आजच्या (२०१२ च्या) कायद्याप्रमाणे १ जानेवारी २०१३ ला बुश यांच्या काळातली करकपात संपते आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर १५ वरून २० टक्के होतो. वरचा ३.८ टक्क्यांचा नवा अधिभार जोडप्याच्या अडीच लाखांपुढच्या उत्पन्नाला आहे, तुम्हाला लागत नाही. गंमत अशी की रॉम्नी जिंकले तरी शपथ घेणार २० जानेवारीला. १ तारखेच्या आत काही करायचं तर ते आजचेच अध्यक्ष आणि आजचीच काँग्रेस करणार. ब्रोकरेजमधले पैसे पुढच्या वर्षी फीसाठी लागणारच असतील तर डिसेंबरमध्ये विका. १६,००० च्या नफ्यावर पाच टक्के म्हणजे ८०० डॉलर वाचतील. काँग्रेसने शेवटच्या क्षणी मुदत वाढवलीच, तरी तुमचं फारसं बिघडत नाही.

५२९ मधली आधीची रक्कम एका फंडातून दुसऱ्यात हलवायला २०१२ च्या नियमाप्रमाणे कॅलेंडर वर्षात एकदाच परवानगी आहे. यंदाची संधी वापरली नसेल तर बदल योजनेच्या वेबसाइटवरून करता येईल. आधी टक्केवारी कागदावर मांडा आणि मगच सबमिट करा, कारण चुकलं तर थेट जानेवारी. संधी वापरून झाली असेल तर आतापासूनचा नवा भरणा रोख्यांकडे वळवा, त्याला ही मर्यादा नाही, आणि जुनी रक्कम २ जानेवारीला हलवा.