वाचकांचे प्रश्न : कन्नमवार नगरातील लहान खोल्या आणि मोठी पटांगणे

प्रश्न : आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून विक्रोळी पूर्वेच्या कन्नमवार नगरात म्हाडाच्या वसाहतीत राहते. खोली जेमतेम दोनशे चौरस फुटांची आहे. मात्र दोन इमारतींच्या मध्ये गणपतीचा अख्खा मांडव बसेल एवढे पटांगण आहे. सध्या सोसायटीत पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. ज्या काळी इकडे जमिनीला तोटा नव्हता, त्या काळी खोल्या इतक्या लहान का बांधल्या? आणि नव्या टॉवरमध्ये आमच्यासारखी मराठी कुटुंबे टिकतील का?
— एक वाचक, विक्रोळी (पूर्व)

उत्तर : जमिनीला तोटा नव्हता, तोटा पैशाचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या कारखान्यांत भरती वाढत गेली, घरबांधणी मात्र मंदावली. त्यात फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाड्यांना चाप बसल्यावर खासगी मालकांना भाड्याच्या चाळी बांधण्यात रस राहिला नाही, आणि तो भार सरकारवर आला. १९४८ च्या कायद्यानुसार मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. जुनी माणसे आजही ‘हाउसिंग बोर्डाची खोली’ म्हणतात, ते हेच बोर्ड. केंद्र सरकारने १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी घरांची योजना आणली आणि राज्य सरकारांनी अशी घरे बांधल्यास निम्मा खर्च अनुदान म्हणून व निम्मा कर्जाऊ देण्याचे ठरवले.

या घरांचे भाडे कामगाराच्या पगारात बसणे आवश्यक होते, आणि सगळा हिशेब तिथूनच उलटा मांडला गेला. परवडेल एवढे भाडे, त्या भाड्यात निघेल एवढा बांधकामखर्च आणि त्या खर्चात बसेल एवढी खोली, असा तो क्रम होता. गावाबाहेरची जमीन स्वस्त असल्याने इमारती मोकळ्या अंतराने उभ्या करता आल्या. लिफ्टचा खर्च टाळायचा म्हणून मजले मोजकेच ठेवले. तुमची लहान खोली आणि समोरचे मोठे पटांगण ही दोन्ही एकाच हिशेबाची फळे आहेत.

‘गावाबाहेर’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. १९५० पर्यंत मुंबई महापालिकेची हद्द शीव-माहीमच्या पुढे नव्हती; त्या वर्षी ती भांडुपपर्यंत आली आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत वाढली. विक्रोळीत गोदरेजचा कारखाना, लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, इतर कारखान्यांची रांग आणि पूर्वेला ठाणे खाडीची खारफुटी, अशा पट्ट्यात ही वसाहत वसली. तिला ज्यांचे नाव दिले, ते मारोतराव कन्नमवार मूळचे चंद्रपूरकडचे. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि जेमतेम वर्षभराने, पदावर असतानाच, त्यांचे निधन झाले. शेजारी टागोर नगर, पुढे घाटकोपरला पंत नगर, कुर्ल्याला नेहरू नगर, चेंबूरला टिळक नगर. मंडळाच्या वसाहतींची नावे ओळीने वाचली तर शालेय इतिहासाचे पुस्तक चाळल्यासारखे वाटते.

येथे सगळेच कारखान्यातून आले असे मात्र नाही. १९६९ च्या इमारत दुरुस्ती कायद्यानंतर दक्षिण मुंबईतील मोडकळीस आलेल्या चाळींमधील भाडेकरूंना संक्रमण शिबिरांत हलवले जाऊ लागले, आणि कन्नमवार नगरातही अशी शिबिरे उभी राहिली. तात्पुरते म्हणून आलेल्या कित्येकांचा मुक्काम दशकानुदशके लांबला. पुढे १९७७ मध्ये जुनी मंडळे म्हाडात विलीन झाली, खोल्या रहिवाशांच्या मालकीच्या झाल्या, सोसायट्या नोंदल्या गेल्या. कुटुंबे वाढली तशी तळमजल्यावर पुढे-मागे वाढीव बांधकामे झाली, वरच्या मजल्यांवर गॅलऱ्या बंद करून तिथे मुलांच्या अभ्यासाचे टेबल किंवा कपाट बसले. दरम्यान आग्रा रोडवरचे बरेच कारखाने बंद पडून त्या जागी निवासी संकुले आली आणि पूर्व-पश्चिम जोडणारा, वर्षानुवर्षे रखडलेला उड्डाणपूल अखेर जून २०२५ मध्ये सुरू झाला. अर्थात, जागेचे भाव वाढले.

आता दुसरा प्रश्न. म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासात विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(५) या तरतुदीनुसार मूळ रहिवाशाला किमान ३५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३७६ चौरस फूट चटई क्षेत्राचे (भिंतींच्या आतील वापरायच्या जागेचे) घर मिळते. घर वाढते, पण जादा क्षेत्रफळाची किंमत पटांगणातून वसूल होते, कारण विक्रीच्या इमारतीला आणि वाहनतळाला जागा तिथूनच निघते. म्हणून बिल्डरच्या सादरीकरणात घराचा नकाशा पाहून झाल्यावर जमिनीवर किती जागा मोकळी राहणार आणि पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या छतावर, किती, हे वेगवेगळे लिहून मागावे.

मराठी कुटुंबे टिकतील का, याचे उत्तर देताना सगळे मेंटेनन्सबद्दल बोलतात. लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा खर्च जुन्या सोसायटीच्या वर्गणीपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि कॉर्पस फंडाचे, म्हणजे बिल्डरकडून मिळालेल्या ठेवीचे, व्याज त्याला पुरतेच असे नाही. हे खरेच आहे. माझ्या मते घर विकले जाण्याचे त्याहून मोठे कारण वाटणी हे आहे. दोनशे फुटांच्या खोलीत दोन भावांनी दिवस काढले, कारण तिची वाटणी करण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नव्हता. नव्या घराची किंमत कोटीच्या भाषेत बोलली जाऊ लागली की ते विकून एकाने बदलापूरला आणि दुसऱ्याने विरारला घर घेणे हाच सर्वांना सोयीचा व्यवहार ठरतो. ज्या घरांत वारसांची नावे, हक्कसोड (आपला वाटा सोडल्याचा दस्त) आणि आईच्या राहण्याचा प्रश्न करारनाम्याआधीच कागदावर सुटलेला असतो, ती घरे टिकण्याची शक्यता अधिक.

प्रश्न : आमच्या सोसायटीत काही सभासदांचा पुनर्विकासाला विरोध आहे. सर्वांची संमती लागते का?
— एक सभासद, टागोर नगर

उत्तर : नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार सभेला दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती अपेक्षित आहे. विकासकाची निवड निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर करावी व सभेचे चित्रीकरण करून ठेवावे. विरोध करणाऱ्यांचे आक्षेप इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्यावेत. पुढे वाद न्यायालयात गेला तर सोसायटीची बाजू त्याच कागदावर उभी राहते.