कर्जाचा एकूण आकडा घरात एकाला तरी माहीत असू दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

"काका, झोप लागंना, दुकानावर जाऊच वाटंना," एवढंच तू मेसेजमध्ये लिहिलंस आणि नंतर फोन उचलला नाहीस. म्हणून हे सविस्तर लिहितोय. एका बैठकीत नाही जमलं तरी चालेल, पण पूर्ण वाच.

मोटर वायंडिंगचा धंदा मी आयुष्यभर केला, त्यामुळं तुझं वर्ष कसं जातं ते मला माहीत आहे. रब्बीला विहिरी-बोअर सुरू झाले की जळालेल्या मोटरी यायला लागतात, उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की कोरड्या चालून आणखी येतात. मिरगाचा पाऊस पडला की दुकान ओस. तांब्याची तार तू रोखीनं आणतोस आणि गिऱ्हाईक मोटर नेतं ती "सोयाबीन निघू द्या" या बोलीवर. मोंढ्यात भाव पडला की त्याची अडचण सरळ तुझ्या वहीत येते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली आमच्याकडची उधारी कितीतरी दिवस तशीच पडून होती. त्यातला एकही माणूस बुडवा नव्हता. तेव्हा गल्ला रिकामा राहिला म्हणजे आपणच नालायक, असं रात्री पडल्या पडल्या ठरवत असशील तर ते खोटं आहे. पाऊस, बाजारभाव आणि उधारी या तिन्हींचा हिशोब तू एकट्याच्या नावावर मांडतो आहेस.

नोकरीवाला दोन दिवस दिसला नाही तर ऑफिसातून फोन येतो. तुझं शटर बंद दिसलं तर लोक म्हणतात, गावाला गेला असेल. आजारपणाची रजा नाही, पगार नाही, आणि बोर्डावर नंबर तुझाच. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की मोटर रात्री जळते आणि फोनही रात्रीच येतो. हे बदलता येतं. झोपायच्या वेळी धंद्याचा फोन बंद ठेव. रात्री अकराला कळवलेली मोटर सकाळीच खोलली जाते, गिऱ्हाईकालाही ते कळतं.

आता मुख्य गोष्ट. बँकेचं कर्ज बायकोला माहीत आहे, भिशीचं भावाला, तारवाल्याची बाकी त्याची त्याला. हातउसने आणि व्याजाचे कुणालाच माहीत नसतील, असा माझा अंदाज आहे. सगळं एका कागदावर उतरव आणि एका माणसाला दाखव. माझं ऐकशील तर बायकोला. "तिला कशाला टेन्शन" असं म्हणू नकोस. तू रात्रीतून किती वेळा उठतोस ते ती बघतेच आहे, फक्त कारण माहीत नसल्यामुळं जास्त घाबरते. कागद दाखवल्यानं कर्ज रुपयानंही कमी होणार नाही. पण कुणाला काय सांगितलं आणि काय लपवलं हे लक्षात ठेवण्यातच माणूस फार थकतो. तो थकवा उतरला की हप्त्याची मुदत वाढवून मागायला बँकेत जाण्याइतकं बळ येतं. व्याजानं पैसे देणारा दारात येऊन धमकावत असेल तर त्याच्याकडं परवाना आहे का बघ. 2014 च्या सावकारी कायद्यानं विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि तालुक्याला सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडं त्याची तक्रार करता येते. त्या कचेरीत मी तुझ्यासोबत येईन.

दवाखान्याचंही सांगतो. झोप उडालेली, भूक मेलेली, कशातच मन नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर आणि त्यानंतरही मनानं बंद करायच्या नाहीत. "गावात कळलं तर?" ही भीती मला समजते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ही माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुला दिला आहे. झोपेसाठी म्हणून घोट घेत असशील तर तो थांबव. दारूनं डोळा लागतो खरा, पण पहाटे जाग येते आणि मन आणखी खचतं. रोजची झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांग, एकदम तोडू नकोस.

एक प्रश्न सरळ विचारतो, लेकरा. जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का? येत असेल तर हे पत्र इथंच ठेव आणि आधी 14416 ला फोन लाव. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलतात. मग मला लाव, रात्रीचे दोन वाजले असले तरी. असा विचार आला म्हणून तू वाईट ठरत नाहीस, पण त्याच्यासोबत एकट्यानं रात्र काढायची नाही.

सोयाबीन बाजारात यायला लागलं की वसुलीला आपण दोघं मिळून फिरू, जुनी गिऱ्हाइकं मला ओळखतात. दवाखान्यात मात्र याच आठवड्यात जायचं. कोणत्या दिवशी ते कळव, मी स्टँडवर येतो. सूनबाईलाही सोबत आण.

तुझा,
काका