वारसनोंद आधी, अक्षता नंतर

पुनर्विवाहाबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत. पत्रं लांब होती, ती कापून छोटी केली. ओळख पटेल असा तपशील काढला.

प्रश्न : वय ३८. साखर कारखान्यात नोकरीला असलेले पती सहा वर्षांपूर्वी वारले. मुलगा १३ वर्षांचा. सासरच्या घराच्या पुढच्या खोलीत मी शिवणक्लास चालवते; १४ मुली येतात, सहा मशीन आहेत. मशीन दुरुस्तीला येणारे गृहस्थ विधुर आहेत, त्यांना १८ वर्षांची मुलगी आहे. आम्हा दोघांना लग्न करायचं आहे. दीर म्हणतात, "कर लग्न, पण मग शेतावरचा आणि पोराचा हक्क सोडून जा." पतीने स्वतःच्या पैशाने घेतलेली दीड एकर जमीन आहे. सासूबाई आहेत, सासरे नाहीत. मला पेन्शन मिळते, तीही जाईल का?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : दीर सांगतात तो कायदा १८५६ सालचा. विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला, असं कलम विधवा पुनर्विवाह कायद्यात होतं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने त्यातली हवा काढली आणि १९८३ मध्ये तो कायदाच रद्द झाला. पती गेले त्या दिवशी तुमचा वाटा तुमचा झाला, तोही पूर्ण मालकीने. नंतरच्या लग्नाने तो परत जात नाही.

हिशेब सोपा आहे. दीड एकर म्हणजे ६० गुंठे. पत्नी, मुलगा, आई हे तिघे समान वारस, म्हणून प्रत्येकी २० गुंठे. दिराचं नाव यात कुठेच येत नाही. (जमीन वडिलोपार्जित असती तर मुलाचा जन्मतः हक्क आधी धरावा लागला असता आणि आकडे बदलले असते. म्हणून खरेदीखत शोधून ठेवा, वाद तिथेच अडतो.)

सातबारावर तुमचं नाव लागलं आहे का, हे पत्रात नाही. लागलं नसेल तर लग्नाची तारीख धरण्याआधी ते काम करा. लग्नानंतरही हक्क तोच राहतो, पण हरकती वाढतात आणि सासूबाई सहीला येतील याची खात्री राहत नाही. पतीचा मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि ८अ जोडून तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही देता येतो. वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, पण सहा वर्षं झाली म्हणून नोंद नाकारली जात नाही. फेरफार धरला की वारसांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मंजूर फेरफाराची प्रत हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका.

गडबड दोन ठिकाणी होते. पहिलं म्हणजे हक्कसोडपत्र. "वारसनोंदीसाठी एक सही लागते" म्हणून बाईला दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवण्याच्या, कचेरीत नेतात आणि तिथे अंगठा, फोटो होतो. लक्षात ठेवा, वारसनोंदीसाठी दुय्यम निबंधकाकडे जावंच लागत नाही. कोणी तिकडे नेत असेल तर सहीचा कागद वाचल्याशिवाय जिन्याची पायरीही चढू नका. दुसरं ठिकाण सातबारावर मुलाच्या नावापुढचं. अज्ञान वारसापुढे 'अ.पा.क.' लिहून पालनकर्त्याचं नाव येतं. ते तुमचं हवं. पुष्कळदा तिथे काकाचं किंवा आजीचं असतं आणि मुलगा १८ चा होईपर्यंत कोणी बघतही नाही. आई पुन्हा लग्न करते म्हणून तिचं नैसर्गिक पालकत्व जात नाही. मुलाचा वाटा विकायचा तर जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते आणि ती अट तुम्हालाही लागू आहे.

पेन्शनची तुमची शंका मात्र बरोबर आहे. कारखान्याच्या नोकरीतली म्हणजे ईपीएस-९५ ची (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) विधवा पेन्शन पुनर्विवाहाच्या दिवसापर्यंतच मिळते. पण मुलाची बंद होत नाही, उलट वाढते. आज त्याला तुमच्या पेन्शनच्या २५ टक्के मिळत असणार. तुमच्या लग्नानंतर त्याला अनाथ पेन्शनच्या दराने ७५ टक्के मिळतील, वयाच्या २५ पर्यंत. समजा तुमची पेन्शन १,८०० रुपये आहे. आता घरात १,८०० अधिक ४५० म्हणजे २,२५० येतात. पुढे १,३५० येतील. महिन्याला ९०० चा खड्डा, एवढंच. लग्नाची माहिती भविष्य निर्वाह निधी कार्यालयाला स्वतःहून लेखी द्या आणि त्याच अर्जात मुलाची अनाथ पेन्शन मागा. "कोणाला कळतंय" म्हणून गप्प राहिलेल्यांची पंचाईत हयातीच्या दाखल्यावर होते. पुनर्विवाह केला नसल्याचं तिथे लिहून द्यावं लागतं, खोटं निघालं तर घेतलेली रक्कम वसूल होते. संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० रुपये विधवा म्हणून घेत असाल तर तेही तहसीलला कळवून थांबवा.

खोलीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: क्लास तिथून हलवा. घरात पतीचा वाटा असेल तर तुमचा हक्क राहतोच, पण ज्या उंबऱ्यावर रोज कुरबुर आहे तिथे १४ मुली येणार नाहीत. ग्रामपंचायतीची रिकामी खोली किंवा समाजमंदिर मागा. खासगी जागा घेतली तर ११ महिन्यांचा करारही नोंदवूनच करा. सहाही मशीनचा कंपनीचा क्रमांक, बिल आणि पैसे कुठून दिले हे एका वहीत उतरवा. बिल हरवलं असेल तर बचत गटाच्या कर्जाची नोंद किंवा बँकेचं पासबुक चालतं. मशीन उचलायच्या दिवशी ही वही भांडणापेक्षा जास्त कामी येते.

लग्न झालं की महिनाभरात मृत्युपत्र करा. उद्या तुम्ही मृत्युपत्राविना गेलात तर तुमच्या २० गुंठ्यांत मुलगा आणि नवे पती समान वारस ठरतील. ते तुम्हाला चालणार असेल तर प्रश्न नाही. चालणार नसेल, किंवा त्यांच्या मुलीला एखादं मशीन, दागिना द्यावा असं मनात असेल, तर लिहावंच लागेल, कारण सावत्र मुलगी तुमची थेट वारस धरली जात नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्र चालतं. साक्षीदार मात्र ज्यांना त्यातून काही मिळत नाही असेच घ्या.

प्रश्न : आमच्यात विधवेचा पाट लावतात. मोठं लग्न नको, पाट लावला तर कायद्याने चालतं का? की कोर्टातच जावं?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : दोघांपैकी एकाच्या समाजात पाटाची, म्होतुराची रूढी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाखाली ते लग्न वैध आहे. अडचण पुराव्याची आहे. पाट बऱ्याच ठिकाणी रात्री, चार माणसांत, फोटोविना उरकतात. दहा वर्षांनी नवऱ्याच्या वारसनोंदीची वेळ आली की साक्षीदारांपैकी दोघे वारलेले आणि दोघे भाऊबंद. म्हणून दिवसा करा, फोटो काढा आणि ९० दिवसांच्या आत विवाह नोंदणी करा. गावात ती ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, होते. दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो, तीन साक्षीदार आणि दोघांच्याही पहिल्या जोडीदाराचा मृत्यू दाखला लागतो. हा शेवटचा दाखला लोक हमखास विसरतात.

'कोर्ट मॅरेज' म्हणतात ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालचं. त्यात दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं, नोटीस ३० दिवस लागते आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न व्हावं लागतं. ती नोटीस कचेरीत जाहीर लावतात. घरच्यांचा विरोध असेल तर महिनाभर त्यांना आयता वेळ मिळतो. दोघे हिंदू असाल आणि विरोधाची धास्ती असेल, तर आधी विधी आणि मग नोंदणी हा रस्ता सोयीचा.

प्रश्न : मी लग्न करणार हे कळल्यावर माझ्या शिवणक्लासमधल्या तीन मुलींच्या आयांनी मुली काढल्या. "मॅडमच असं करतात तर पोरी काय शिकणार," म्हणे. बाकीच्या टिकवायच्या कशा?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : बातमी बाहेरून पोचली की तिला पाय फुटतात. उरलेल्या पालकांच्या घरी या आठवड्यातच जा. कोणाशी, कधी, क्लास कुठे, फी तीच, वेळ तीच एवढं सांगायचं. माफी मागायची नाही आणि परवानगीही नाही. आईबरोबर आजीलाही भेटा. मुलगी क्लासला जाणार की नाही, हे बहुतेक घरांत आजी ठरवते. वेळ दुपारी दोन ते चार ठेवा, म्हणजे अंधाराचा मुद्दा उरत नाही. होणारे पती क्लासच्या वेळेत तिथे नसलेले बरे. यात त्यांच्यावर अविश्वास नाही, पण एका मुलीच्या वडिलांनी शंका घेतली तरी सगळ्याजणींचं शिक्षण थांबतं. त्यांचं काम मशीनचं असेल तर सुट्टीच्या दिवशी येऊ द्या.

आणि त्यांना वरचेवर यावं लागू नये म्हणून मुलींनाच बारीकसारीक दुरुस्ती शिकवा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंते झाले की मुली बॉबिन काढून बघत बसतात. दोष बहुधा वर असतो: वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. मशीनचा कापड दाबणारा पाय वर उचलायचा, दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवायचा, पाय खाली घेऊन दोरा हाताने ओढून बघायचा. किंचित अडकत आला तर बरोबर. टाका सुटत असेल तर आधी सुई बदला, साध्या सुती कापडाला १४ नंबरची. हे येणारी मुलगी पुढे कारखान्यात लागली तर हेल्पर म्हणून राहत नाही, आणि ही गोष्ट आयांना लग्नाच्या चर्चेपेक्षा लवकर पटते.

१८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या गावाने, मुरूडने, त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. पुढे विधवा मुलींना शिकवण्यासाठी आश्रम उभा राहिला तो याच घरातून. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ शासनानेही इतर गावांना तसं आवाहन केलं. तुमच्या गावाने असा ठराव केला असेल तर त्याची प्रत क्लासच्या भिंतीवर लावा.

प्रश्न : मी बचत गटाची सचिव आहे, किशोरी मुलींचा गटही बघते. लग्नानंतर दुसऱ्या तालुक्यात जाणार. मुलाचं आडनाव आणि गटाचं खातं, दोन्हीचं काय करू?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : आडनाव बदलण्याची घाई नको. ते ठरवण्याचा हक्क आईचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशाच एका खटल्यात सांगितलं. पण शाळेतलं नाव बदललं की आधार, जातीचा दाखला, बँक सगळं बदलत जावं लागतं. मुलगा दहावीच्या जवळ असेल तर आहे तेच ठेवा. नव्या पतींनी दत्तक घ्यायचं असेल तर रीतसर प्रक्रिया करावी लागते. नुसतं एका घरात राहिल्याने सावत्र वडील कायदेशीर पालक होत नाहीत.

गटाचं आधी उरका. तुमच्या नावावरचं अंतर्गत कर्ज फेडा किंवा शिल्लक लिहून घ्या, बचतीचा हिस्सा वहीत सहीने घ्या. मग बैठकीत नवीन सचिव निवडल्याचा ठराव लिहा, सर्व सदस्यांच्या सह्या घ्या आणि ठरावाची प्रत, नव्या सचिवाचं आधार आणि फोटो घेऊन तिघी पदाधिकारी बँकेत एकत्र जा. सही बदलल्याशिवाय गाव सोडलंत तर पैसे काढताना दर वेळी तुम्हाला शोधत यावं लागेल. किशोरी गटाची हजेरी वही आणि मुलींच्या जन्मतारखा अंगणवाडी ताईंकडे द्या, आणि कोणाचं लग्न घरात ठरतंय ही तुमची तोंडी माहिती त्यांच्याकडे बसून सांगा, कारण ती कोणत्याही वहीत नसते. १८ च्या आतल्या मुलीचं ठरत असेल तर त्यांना ग्रामसेवकाला लगेच कळवायला सांगा. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन कोणीही करू शकतं, तुम्ही नव्या गावातूनसुद्धा.