मोलसाठी ६.०२२ × १० चा २३ वा घात हाच आकडा का? अकरावीत आहे, नुसता पाठ केला तर चालेल का?

पाठ करून मार्क मिळतील, पण मोल, म्हणजे अणू-रेणूंसारखे कण मोजायचं एकक, कळणार नाही. "डझन म्हणजे बारा, तसा मोल" असं वर्गात शिकवतात, ती उपमा मला कधीच पटली नाही. डझन आपण हाताने मोजतो. अणू हाताने मोजता येत नाहीत म्हणून तर मोल आला. तो तोलून मोजायचा असतो.

आमचं हार्डवेअरचं दुकान होतं. सुताराने तीन हजार स्क्रू मागितले की बाबा शंभर मोजून काट्यावर टाकायचे. अडीचशे ग्रॅम भरले की पुढचं मोजणं बंद, सरळ साडेसात किलो तोलून पिशवीत. बिजागऱ्यांना मात्र आधी विचारायचे, "शंभर नग की शंभर जोड्या?" ते कळेपर्यंत मालाला हात लावत नसत.

१९९८ साली अकरावीच्या चाचणीत प्रश्न आला: १६ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये कण किती? मी दोन उत्तरं लिहिली. रेणू धरले तर अर्धा मोल, म्हणजे ३.०११ × १० चा २३ वा घात. अणू धरले तर बरोबर दुप्पट, एक मोल. सरांनी दोन्हींवर लाल रेघ ओढून शून्य दिलं. विचारायला गेले तर वर्गासमोर म्हणाले, "कण म्हणजे रेणूच. दुकानदारी इथे नको." बाबांच्या दुकानावरून बोललेलं ते मला आजही लागतं.

माझंच बरोबर होतं. मोल १९७१ साली एसआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या एककांत आला, तेव्हाच्या व्याख्येतच लिहिलं होतं की कण कोणते ते सांगितलंच पाहिजे: अणू, रेणू, आयन, इलेक्ट्रॉन, जे असेल ते. म्हणजे प्रश्नच अर्धवट होता.

आता मी औषधांच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला आहे. एक मोल सल्फ्युरिक अ‍ॅसिडला टायट्रेशनमध्ये (थेंबथेंब मिसळून किती लागतं ते मोजताना) दोन मोल कॉस्टिक सोडा लागतो, कारण त्याचा एक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो. रेणू मोजतोय की आयन, यात घोळ झाला की रिपोर्ट दुपटीने चुकतो. नग की जोड्या, तेच.

हाच आकडा का, तर १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये अणू तेवढे भरतात म्हणून. त्यामुळे आवर्तसारणीतलं अणुवस्तुमान ग्रॅममध्ये तोललं की एक मोल अणू हातात येतात. सोडियमचे २३ ग्रॅम, झालं. २० मे २०१९ पासून व्याख्या उलटी केली आहे: आता ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात हा आकडाच पक्का धरतात. तुझ्या गणितांना त्याने फरक पडत नाही.

एक मात्र आहे. पेपरात ऑक्सिजन वायू म्हटलं असेल आणि रेणू विचारले असतील, तर उगाच वाद घालू नकोस, ३२ ने भाग. नुसतं "कण" लिहिलं असेल तर दोन्ही उत्तरं लिही आणि प्रत्येकापुढे अणू की रेणू ते लिही. मार्क कापले तर १९७१ ची व्याख्या घेऊन सरांकडे जा. माझ्याकडे तेव्हा ती नव्हती.