मुलीचे नाव ‘ऋज्वी’ ठेवावे का? घरातच त्याचे तीन उच्चार होत आहेत

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. दीड महिन्याच्या मुलीसाठी ‘ऋज्वी’ हे नाव आपण निवडले आहे. ऋजु म्हणजे सरळ, प्रामाणिक, आणि ऋज्वी हे त्याचेच स्त्रीलिंगी रूप. आपण स्वतः ‘रुज्वी’ म्हणता, सासूबाई ‘रुजवी’ म्हणतात आणि इंदूरला स्थायिक झालेले आपले बंधू ‘रिज्वी’ म्हणतात. या गोंधळामुळे बारसे लांबले आहे आणि मुलीला जन्मभर आपले नाव समजावून सांगत बसावे लागेल, ही भीती आपल्याला वाटते. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेजवळच्या एका प्राथमिक शाळेत 29 वर्षे शिकवले आणि जवळजवळ रोज सकाळी हजेरी घेतली, त्यामुळे नावे आणि त्यांचे उच्चार हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. माझे मत आधीच सांगते: नाव अवश्य ठेवावे. मात्र या तीन उच्चारांपैकी कोणता चालवून घ्यायचा, कोणता मनापासून स्वीकारायचा आणि कोणता कागदावर येऊ द्यायचा नाही, हे बारशाआधी ठरवावे.

बंधूंच्या ‘रिज्वी’चे कारण साधे आहे. ‘ऋ’ या स्वराचा मूळ उच्चार आज मराठीतही उरलेला नाही आणि हिंदीतही नाही. आपण त्याचा ‘रु’ केला, हिंदीने ‘रि’ केला. म्हणून आपल्याकडची अमृता ‘अम्रुता’ असते आणि तीच भोपाळला गेली की ‘अम्रिता’ होते. ऋचा, ऋतुजा, कृष्णा या सर्वांची हीच कथा आहे. बंधू चुकत नाहीत, ते राहतात त्या गावाच्या रीतीने बोलतात. त्यांना अडवण्याची गरज नाही, आणि मुलगीही चार वर्षांची होईपर्यंत मामाच्या तोंडचे नाव वेगळे असते हे सहज समजून घेईल.

सासूबाईंचा ‘रुजवी’ मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो, कारण तो आपल्या भाषेच्या स्वभावातून आला आहे. मराठीत च, ज आणि झ या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत, एक तालव्य आणि एक दंततालव्य, पण लिहिताना दोन्हींसाठी अक्षर एकच. ‘हे जग’ म्हणताना जीभ दातांमागे टेकते आणि ‘पाण्याचा जग’ म्हणताना ती वर टाळूकडे जाते, तरी कागदावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. ‘चार माणसे’ आणि ‘गुरे चार’ यांतला ‘चार’ही तसाच. ‘माझा’ म्हणताना एक झ आणि ‘माझी’ म्हणताना दुसरा, हे पहिलीतले मूलही न शिकवता अचूक करते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत सहसा तालव्य उच्चार टिकतो. जल, जन्म, विजय यांप्रमाणे ऋजुमधला ज तालव्यच आहे. परंतु ‘ऋज्वी’ हा शब्द सासूबाईंनी पूर्वी कधी ऐकलेला नाही, आणि अनोळखी शब्द कानावर आला की जीभ ओळखीच्या शब्दाकडे जाते. त्यांच्या ओळखीचा शब्द आहे ‘रुजणे’. त्यातला ज दंततालव्य, आणि जोडाक्षर फोडून मध्ये अ घालण्याची सवय तर आपल्या सर्वांनाच आहे. ‘ऋज्वी’ची ‘रुजवी’ झाली ती अशी.

आता असा विचार करून पाहावा, की जून महिन्यात भाताचे बी रुजले का, असे ज्या जिल्ह्यात एकमेकांना विचारले जाते, तिथल्या आजीने नातीला रुजवी म्हणावे, यात वाईट काय आहे? या उच्चाराचा अर्थ मूळ अर्थाइतकाच चांगला आहे. आपल्या दैवताचेही असेच आहे. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर कोणी जोतिबा म्हणतो, कोणी ज्योतिबा. माझ्या वर्गांत जोतिराम होते तसेच ज्योतीरामही होते, आणि चांगभलं म्हणताना दोघांचा आवाज सारखाच चढत असे. दोन उच्चारांमुळे त्या नावाचे काही बिघडलेले नाही. फक्त एकाच मुलाचे नाव दाखल्यावर एक आणि गुणपत्रकावर दुसरे आले, तेव्हा पालकांना हेलपाटे पडले.

त्रास खरोखर कुठे होतो, हे मी घरीच पाहिले. माझ्या मुलीचे नाव सई. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई यांच्यामुळे महाराष्ट्रात या नावाबद्दल कुणाला शंका येणार नाही, असे आम्हाला वाटले, आणि मराठीत ती कधी आलीही नाही. इंग्रजीत मात्र आम्ही ‘एस-ए-आय’ अशी तीन अक्षरे लिहिली. ती सहा वर्षांची असताना तापाने फणफणलेली होती आणि मी तिला मांडीवर घेऊन एका दवाखान्याच्या बाकावर बसले होते. खिडकीतून ‘साई’ अशी हाक तीन वेळा आली. आम्ही आपल्या जागीच, कारण साई हा कुणाचा तरी मुलगा असणार. तासाभराने चौकशी केली तेव्हा आमचा नंबर निघून गेल्याचे समजले, आणि केसपेपरवर लिंगाच्या रकान्यात ‘पुरुष’ लिहिलेले होते. त्या दिवशी मला कळले, की उच्चार थोडा वेगळा झाला तरी मूल ओ देते, पण त्या उच्चाराने दुसऱ्याच कुणाचे तरी नाव तयार झाले तर मूल आपल्या जागी बसून राहते. पुढे शेवटी दोन ‘ई’ घालून स्पेलिंग बदलले, त्यासाठी प्रतिज्ञापत्र केले, राजपत्रात नाव छापून घेतले, आणि मग एकेक कागद दुरुस्त करत राहिलो.

या अनुभवानंतर मी वर्गातही अधिक जपू लागले. एका जूनमध्ये नव्या वर्गाची हजेरी घेताना मी ‘अन्घा’ असे वाचले, कारण बोलताना मधला अ गाळण्याची आपल्याला सवय असते. दुसऱ्या बाकावरची मुलगी माझ्याकडे टक लावून पाहत होती, पण हजर म्हणेना. दुसऱ्यांदा वाचले, तरी गप्प. जवळ जाऊन विचारले तेव्हा ती हळूच म्हणाली, “बाई, मी अ-न-घा.” तीन अक्षरे तिने वेगवेगळी, सावकाश उच्चारली, तिच्या आजोबांनी तिला तशी शिकवली होती. मी चूक कबूल केली, नाव पुन्हा वाचले आणि तिने ज्या आवाजात ‘हजर’ म्हटले तो मला अजून आठवतो. पाच वर्षांच्या मुलीलाही आपले नाव नीट सांगता येते. फक्त घरच्यांनी ते तिला एका ठाम रीतीने दिलेले असावे लागते.

म्हणून आपण एक करावे. नाव कागदावर लिहून दाखवू नये, बोलून पाहावे. पुढचे आठ-दहा दिवस मुलीला याच नावाने हाक मारावी, माडीवरून मारावी, स्वयंपाकघरातून मारावी. आपल्याकडे ईकारान्त नावाला हाक मारताना शेवटी एकार येतो, तेव्हा गल्लीत ‘ए रुजवे!’ हे ऐकू येणारच. ते आपल्याला गोड वाटते की खुपते, हे आत्ताच पाहावे. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर किंवा रिक्षात कुणी मुलीचे नाव विचारले, तर एकदाच सांगावे आणि समोरच्या माणसाने ते परत कसे म्हटले, ते ऐकावे. फोनवरही एकदा सांगून पाहावे, कारण जोडाक्षराची खरी परीक्षा फोनवर होते.

राशीच्या अक्षराबद्दल आजोबांनी विचारणा केल्याचे आपण लिहिले आहे. पंचांगात ‘री’ हे चित्रा नक्षत्राच्या चौथ्या चरणाचे अक्षर आहे आणि ‘रू’ स्वातीच्या पहिल्या. उच्चाराप्रमाणे नक्षत्र बदलेल हे खरे, पण हे दोन्ही चरण तूळ राशीतच येतात, त्यामुळे नावरास बदलत नाही. तसेही पंचांगातल्या 108 चरणाक्षरांत ङ, ञ आणि ण हीसुद्धा आहेत, ज्यांनी मराठी नाव सुरूच होत नाही. म्हणून तर जन्मनाव वेगळे आणि व्यवहारातले नाव वेगळे ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रुळली.

कागदपत्रांची घाई करू नये. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते आणि नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. मात्र घालाल तेव्हा अक्षर न् अक्षर तपासून घालावे, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा आधार आहे. मराठीत ‘ऋ’च लिहावा, लिहिणाऱ्याने ‘रु’ लिहिले तर तिथेच दुरुस्त करून घ्यावे. इंग्रजीत ‘आर-यू-जे-व्ही-आय’ असे लिहावे. ‘आर-आय’ने सुरुवात केली, तर ते रिझवी या प्रचलित आडनावासारखे वाचले जाईल आणि अर्जांत नाव व आडनाव यांची अदलाबदल होत राहील. माझ्या सईच्या बाबतीत झाले तेच इथे होईल, म्हणून ‘रिज्वी’ कागदावर येऊ देऊ नये असे मी म्हणते. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचे नाव आपल्या राज्यात मूल, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहिले जाते, तेव्हा चारही शब्द सलग मोठ्याने म्हणून पाहावेत. आईचे नाव ‘वी’ने सुरू होत असेल, जसे वीणा, तर दोन ‘वी’ एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला मुलीचे नाव ‘रुज’ वाटू शकते.

बारशाच्या आधी आत्याला जवळ बसवून ‘रुज्वी’ हा उच्चार चार-पाच वेळा म्हणून घ्यावा, कारण मुलीच्या कानात नाव ती सांगणार आहे आणि पाळण्याभोवती जमलेल्या बायका तिच्या तोंडून ऐकलेलेच नाव घरोघरी नेणार आहेत. सासूबाईंना मात्र काही सांगू नये. त्यांना ‘रुजवी’च म्हणू द्यावे.