फॅशन आणि सिनेमा बघून सुचलेलं, हाताने बनवलेलं फर्निचर डिझाइन करायचंय. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की इंटिरियरचा डिप्लोमा झालाय, कपडे आणि जुने सिनेमे दोन्हीचं वेड आहे, सुतारकामात हात कधी घातला नाही, आणि जुन्या सिनेमाच्या पोस्टरची प्रिंट मारलेलं कापड एका खुर्चीला लावून बघितलं पण मजा नाही आली. मजा नाही आली हे तुमचं तुम्हालाच कळलं ते बरं झालं. अशा खुर्च्या धडाधड विकल्या जातात, कॅफेवाले तर डझनानी घेतात, पण ते फर्निचर नव्हे, ते खुर्चीवर चिकटवलेलं कॅलेंडर.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. मी कोल्हापूरचा, सात वर्षं मुंबईत सिनेमा-सिरियलच्या आर्ट डिपार्टमेंटला असिस्टंट होतो, आता गावाकडे परत येऊन छोटा वर्कशॉप टाकलाय. एक सुतारमामा आहेत, एक चपला बनवणारे कारागीर आठवड्यातून दोन दिवस येतात, आणि मी. वर्षाला पंधरा-वीस पीस होतात, जास्त नाही.

सेटवर काम केल्याचा फायदा जेवढा झाला तेवढंच नुकसानही झालं. सेटवरचं फर्निचर हे एका बाजूने बघायचं असतं. जमीनदाराचा भलामोठा शिसवी पलंग म्हणून तुम्ही पडद्यावर बघता तो बऱ्याचदा प्लायवूड, वर फायबरची नक्षी आणि पेंटर दादांचा हात, मागून बघाल तर कच्च्या बॅटन म्हणजे लाकडी पट्ट्या आणि खिळे. चार दिवस टिकला की झालं. मी पहिल्यांदा गावी येऊन एका ओळखीच्यांना सोफा करून दिला तो अगदी असाच होता, फोटोत झक्कास, आणि सहा महिन्यांत सोफ्याचा डावा हात कुरकुरायला लागला. पैसे परत केले. तेव्हापासून सुतारमामा मला "सिनेमावालं" म्हणतात आणि ते कौतुकाने नाही.

आता मुद्द्याचं. कपड्यातून किंवा सिनेमातून काही घ्यायचं म्हणजे नेमकं काय घ्यायचं? माझं ठाम मत आहे की दिसतं ते चित्र घेऊ नका, ते चित्र ज्या युक्तीने उभं राहिलंय ती युक्ती शोधा. माझ्या गावच्याच बाईंचं उदाहरण देतो. भानू अथय्या, सिनेमाचे कपडे डिझाइन करायच्या, माहेरच्या राजोपाध्ये, जन्म कोल्हापूरचा, 1929 चा. 'गांधी'च्या कपड्यांसाठी 1983 ला ऑस्कर मिळालं हे सगळ्यांना माहीत असतं, पण माझ्या कामाची त्यांची गोष्ट वेगळीच आहे. 1968 च्या 'ब्रह्मचारी' मधली मुमताजची ती केशरी साडी आठवते का, अंगाला घट्ट गुंडाळलेली? बघणाऱ्याला वाटतं नेसलीय. ती नेसलेली नाही, ती शिवलेली आहे, आत झिप आहे, म्हणून एवढं नाचूनही एक निरी हलत नाही. आता या साडीवरून खुर्ची करायची झाली तर दहातले नऊ जण केशरी कापड लावतील. मला विचाराल तर त्या साडीतली घेण्यासारखी गोष्ट ती झिप आहे. वरून सैल, सहज, आणि आत कुणाला न दिसणारं घट्ट काम. सांधा कुठे लपवायचा, कुठे दाखवायचा, हा प्रश्न शिंप्याला पडतो तसाच सुताराला पडतो.

हे कळायला मला एक कपाट वाया घालवावं लागलं. निऱ्या डोक्यात बसल्या होत्या, म्हटलं कपाटाच्या दाराला निऱ्या पाहिजेत. पहिल्यांदा सागाच्या फळीवर आडव्या लाटा कोरायला लावल्या. मामा म्हणाले, "अवो ह्यो पदर न्हवं, लाकूड हाय, आडवं कोरलं की टवका जातोय." आणि गेलाच. लाकडाचे रेषे उभे असतात, आडवं बारीक कोरलं की तिथे धरून ठेवायला रेषाच उरत नाही, हे शाळेतल्या पोराला कळेल पण मी डिझायनर होतो ना. मग महिनाभराने सुचलं की निरी कोरायची कशाला, निरी हलते तीच तर तिची गंमत आहे. जुन्या सरकारी ऑफिसात ती टेबलं असायची बघा, वरून शटरसारखं लाकडी झाकण ओढून बंद करायचं, त्यात बारीक बारीक लाकडी पट्ट्या मागून कापडावर चिकटवलेल्या असतात. तेच केलं. अर्ध्या इंचाच्या पट्ट्या, पुढची कड गोल घासलेली, मागे जाड कॅनव्हास फेविकॉलने, आणि वर-खाली खाच. दार सरकवलं की पट्ट्या वळणावर उघडतात आणि परत मिटतात, अगदी चालताना निऱ्या होतात तशा. लाकूड आणि कापड खरंच एकत्र काम करतंय, नुसतं एकमेकांसारखं दिसत नाहीये. ज्या दिवशी ते दार पहिल्यांदा सरकलं त्या दिवशी मामांनी स्वतः चहा मागवला.

आणि जुलैत ते दार अडकलं. एप्रिलच्या उन्हात खाच घट्ट बसवली होती, कोल्हापूरच्या पावसात पट्टी केसभर फुगली आणि संपलं. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, आडवं आणि जाडीला वाढतं, त्यामुळे आपल्याकडे उन्हाळ्यात काही बसवत असाल तर पावसाची जागा सोडूनच बसवा. आम्ही सगळ्या पट्ट्यांची टोकं रंध्याने उतरवली आणि खाचेत मेणबत्ती घासली. आजतागायत नीट आहे.

सुतारकाम येत नाही म्हणून घाबरू नका, पण एक गोष्ट शिंप्यांकडून उचला. फॅशनवाले महागडं कापड एकदम कापत नाहीत, आधी मांजरपाटावर, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडावर कापून, टाचून, अंगावर चढवून बघतात. फर्निचरचा मांजरपाट म्हणजे पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्या आणि स्क्रू. पूर्ण मापाची, घाणेरडी दिसणारी खुर्ची आधी बनवा आणि घरातल्या सगळ्यांना बसवा, आज्जीला पण, लहान पोराला पण. आमच्या पहिल्या मॉडेलवर माझी आई बसली आणि म्हणाली उठता येत नाही. सीट मी 15 इंचावर ठेवली होती कारण एका जुन्या सिनेमात हिरॉइन तसल्या बुटक्या खुर्चीवर काय दिसते! पण हिरॉइनला कट म्हटल्यावर उठवायला माणूस असतो. आता 17 च्या खाली जात नाही. साडी नेसणारी बाई बसणार असेल तर पुढच्या पायांच्या मधली आडवी पट्टीही थोडी मागे घ्या, पाय मागे ओढूनच माणूस उठतो आणि साडीची कड तिथेच अडकते.

सिनेमातून काय घ्यायचं याचं उत्तर कपड्यापेक्षा अवघड आहे कारण सिनेमा म्हणजे उजेड. मी म्हणेन आधी थिएटरं बघा. मुंबईत रीगल 1933 चं, इरॉस 1938 चं, लिबर्टी 1949 चं. लिबर्टीचं लाकूडकाम बघायलाच जा, आणि इरॉसची ती पायऱ्या-पायऱ्यांनी वर गेलेली गोल इमारत बाहेरून बघितली तरी एक अख्खं कपाट सुचेल. त्या भागातल्या आर्ट डेको, म्हणजे त्या काळच्या गोल कडा आणि ठसठशीत रेषांच्या शैलीतल्या इमारती 2018 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पुण्यात असाल तर एफटीआयआय, म्हणजे सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था, प्रभात फिल्म कंपनीच्याच जागेवर आहे, प्रभात 1929 ला कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 ला पुण्याला गेली (आम्हाला अजून राग आहे). आणि एक सांगू, मराठी सिनेमा सुरू करणाऱ्यांपैकी एक बाबूराव पेंटर, त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. आपल्याकडचा सिनेमा हातात हत्यारं असलेल्या माणसांनीच उभा केलाय, तेव्हा तुम्ही परकं काही करत नाही आहात.

घरी करायचा एक प्रयोग सांगतो. आवडत्या सिनेमातला एक सीन थांबवा, आवाज बंद, आणि फक्त खुर्ची-टेबलाची बाहेरची रेष काळ्या स्केच पेनने कागदावर काढा, आतलं काही नाही. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्चने एका बाजूने उजेड पाडून तुमचं छोटं पुठ्ठ्याचं मॉडेल भिंतीवर कसं पडतं ते बघा. ब्लॅक अँड व्हाइटवाल्यांना रंग नव्हता, त्यामुळे जाळी, वेताची वीण, गजांची सावली यावर त्यांचं सगळं चालायचं. मी एकदा वेताच्या पाठीची खुर्ची केली ती खुर्चीसाठी नाहीच, संध्याकाळी जमिनीवर पडणाऱ्या तिच्या सावलीसाठी केली.

बाहेरच्या लोकांमधले दोनच सांगतो, बाकी नेटवर खंडीभर मिळतील. हुसेन चलायन म्हणून सायप्रसमध्ये जन्मलेला डिझायनर आहे, त्याने 2000 साली लंडनच्या शोमध्ये स्टेजवर दिवाणखाना मांडला, मॉडेल्सनी खुर्च्यांची कव्हरं काढून ड्रेस म्हणून अंगात घातली, आणि शेवटी एक जण गोल टेबलाच्या मधोमध उभी राहिली आणि टेबल वर ओढलं तर त्याचा लाकडी स्कर्ट झाला. घर सोडून पळावं लागणाऱ्या लोकांबद्दल होतं ते, जे काही आहे ते अंगावर घालून निघायचं. दुसरा जपानचा शिरो कुरामाता, त्याची 1988 ची 'मिस ब्लांच' खुर्ची, पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये कृत्रिम गुलाब तरंगतायत. नाव 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटक-सिनेमातल्या, खोट्या स्वप्नात जगणाऱ्या ब्लांचचं. खरी फुलं नाहीत, खोटीच आहेत, आणि त्या बाईची गोष्ट माहीत असेल तर ती खोटीच असायला हवी होती हे पटतं. कुठेही तिचा फोटो नाही, तरी खुर्ची तिची आहे.

सामानाबद्दल पटकन. साग घ्यायचा तर बल्लारशाचा चांगला, पण शिकताना नवीन साग कापू नका, परवडत नाही. पाडलेल्या वाड्यांची जुनी लाकडं बघा, तुळया, चौकटी, वर्षानुवर्षं सुकलेल्या असतात त्यामुळे फार हलत नाहीत. फक्त आत मोडलेले खिळे असतात, आधी लोहचुंबक फिरवा नाहीतर मशीनचं पातं गेलं म्हणून समजा. मुंबईत ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार एकदा पायी फिरा, शूटिंगला भाड्याने जाणाऱ्या वस्तू पण तिथे दिसतील, उलट्या करून खालून बघा, दुकानदार ओरडला तर ओरडू दे. खणाचं कापड सगळ्यांना आवडतं पण ते चोळीचं कापड आहे, माणसाच्या वजनासाठी नाही, सीटला लावलं तर शिवणीला फाटणार. पाठीला, उशीला लावा, आणि तेही खाली अस्तर देऊन.

आता माझी सध्याची खुर्ची, जिच्यामुळे लोक मला ओळखायला लागलेत. कोल्हापुरी चप्पल. इथेही पहिली चूक तीच, मी खुर्चीच्या हाताच्या जागी चपलेचा अंगठा आणि वर लाल गोंडा लावून ड्रॉइंग काढलं होतं, आमच्या कारागीर काकांनी बघितलं आणि काही बोललेच नाहीत, तेव्हाच कळलं. मग त्यांच्या शेजारी बसून चार दिवस नुसतं बघितलं. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं चामडं, खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवण. तेच घेतलं, लाकडी सांगाडा आणि त्यावर वादीने ओवलेली चामड्याची सीट, सगळ्या खुर्चीत एक खिळा नाही. खुर्चीखाली माझ्या नावाबरोबर काकांचं नाव कोरलेलं असतं आणि पैसे पण त्यांच्या रोजंदारीवर नाही, पीसवर ठरतात. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने आपल्या चपलेसारख्या चपला नाव न घेता चालवल्या आणि केवढा गोंधळ झाला, मग त्यांनी मान्य केलं की हो, यामागे भारतीय कारागिरी आहे. या चपलेला 2019 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. त्या आठवड्यात मला पण चारपाच जणांनी फोन करून विचारलं की तू पण तेच करतोस ना. वाईट वाटलं, पण प्रश्न बरोबर होता, काकांचं नाव कोरायला आम्ही त्यानंतरच लागलो.

या खुर्चीत एक दोष होता. चामडं ताणतं. तीन महिन्यांत सीटला खड्डा पडायचा, गिऱ्हाईक फोटो पाठवायचं. दोन थर लावून बघितले, जाड चामडं लावून बघितलं, काही उपयोग नाही. मग एका रात्री टीव्हीवर जुनं गाणं लागलेलं, नाचणारीच्या चोळीला मागे नाड्या, आणि बायको म्हणाली की अरे तशाच बांध की, सैल झाली की ओढायची. सीटच्या खाली दोन्ही कडांना भोकं पाडून वादी आडवीतिडवी ओवली आणि मध्ये गाठ. आता खुर्ची देताना गिऱ्हाइकाला उलटी करून दाखवतो, सहा महिन्यांनी गाठ सोडायची, गुडघा लावून ओढायचं आणि परत बांधायची. एक रिटायर्ड मास्तर दर दसऱ्याला हत्यारांच्या पूजेबरोबर ती गाठ पण आवळतात.

तुम्ही ती पोस्टरवाली खुर्ची टाकून देऊ नका, कापड काढा आणि सांगाडा उघडा करून बघा कसा जोडलाय. तिथूनच सुरू करा.