पाच डझनाची पेटी आणि चुकलेली मोजणी

"ताई, माजा डोक्या कायमचा खराब झाला काय वो?" खुर्चीत टेकायच्या आधीच त्याने विचारलं. वय २३. मुंबईची नोकरी सुटल्यावर देवगडजवळच्या गावी परतलेला, आता वडिलांबरोबर कलमांची देखभाल करणारा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) रील्स बघून बघून मेंदू कामातून गेला, ही भीती हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे बरेच जण बोलून दाखवतात.

निमित्त झालं एका पेटीचं. एप्रिलमध्ये ऐन हंगामात तो पाच डझनाच्या पेट्या भरत होता. फोन वाजला नव्हता, तरी हात खिशात गेला. दोन-चार रील्स पाहून परत आंब्यांकडे वळला, तर किती मोजले तेच आठवेना. पेंढ्यावर अंदाजाने थर लावून पेटी ठोकली. वाशीच्या बाजारातून निरोप आला, पेटीत ५४च फळं. वडील माझ्यासमोरच म्हणाले, "ह्येचा लक्ष खय असता, देवाक ठावक."

मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, डोकं खराब झालेलं नाही. लक्ष उडायची सवय लागते, तशी ते टिकवायचीही लावून घेता येते. मात्र समोर काय आहे ते नीट समजून घ्यायला हवं. खाडीवर गळ टाकून बसणारा माणूस तासन् तास का हलत नाही? मासा कधी लागेल ते ठाऊक नसतं म्हणून. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरच्या प्रयोगांत हेच दाखवलं होतं. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की पक्षी चोच मारतच राहतो. दहा रील्स फालतू आणि अकरावी भन्नाट, या बेभरवशावरच अंगठा फिरत राहतो. त्यात शेवट कुठेच नाही. पेपर संपतो, मालिका संपते, हे संपत नाही. २००६ साली ही न संपणाऱ्या पानाची युक्ती काढणाऱ्या अझा रास्किननेही पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली. अशा यंत्रापुढे हरणाऱ्याला आळशी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दिवसाला तासभर बघत असेन, असा त्याचा अंदाज. फोनमधली नोंद उघडली, तर पावणेपाच तास! त्यातले जवळजवळ तीन रात्री साडेदहानंतरचे. म्हणजे मोजणी चुकायला अर्धवट झोपही तितकीच कारण होती. म्हणून पहिला उपाय झोपेचा. फोन रात्री ओटीवरच्या फळीवर, उशाशी साधं गजराचं घड्याळ. वडिलांचाही फोन त्याच फळीवर ठेवायचा म्हटल्यावर ते जरा कुरकुरले, पण ठेवला.

दुसरं काम कठीण होतं. हात खिशात गेला की त्याआधी काय झालं, ते कॅलेंडरच्या मागे दोन शब्दांत लिहायचं. आठवड्याने तो कागद घेऊन आला. "बाबा बोलले." "मुंबईच्या मित्राचा स्टेटस." "बाबा बोलले." "उगाच." "शेजारच्या काकीने विचारलं, परत कधी जातलंस?" कागदाकडे आम्ही दोघंही बराच वेळ बघत राहिलो. मग तो हळूच म्हणाला, "रील बघताना मी खयच नसतंय. ताच बरा वाटता."

पुढच्या दोन भेटींत आम्ही मोबाईलबद्दल फारसं बोललोच नाही. नोकरी गेल्याची लाज, चाकरमानी म्हणून गेलेला हात हलवत परतला ही बोच, यावरच बोललो. एका भेटीला वडिलांनाही बसवलं. निराशा खोल असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर नुसती फोनची सवय मोडून भागत नाही. तेव्हा डॉक्टरांना गाठावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. त्याच्यावर तशी वेळ नव्हती, पण मी विचारून खात्री केली. प्रत्येकाला विचारतेच.

कामासाठी एकच नेम ठरवला. एक पेटी भरून खिळे मारून होईपर्यंत फोन खळ्यात, दुसऱ्याच्या हाती. पहिले काही दिवस बोटं शिवशिवायची, चिडचिड व्हायची. मे संपता संपता तो सलग चार पेट्या भरू लागला.

जुलैत घसरला. पाऊस, बागेत काम कमी, दर्यावर मासेमारी बंद म्हणून मित्रही घरी, दिवसभर पडवीत अंगठे चालू. लाजून दोन भेटींना आलाच नाही. मीच फोन करून म्हटलं, कागद कोरा असला तरी घेऊन ये. गेल्या सोमवारी भिजत आला. कागदावर तीनच ओळी होत्या, त्यातली शेवटची: "काकीने विचारलं. सांगितलं, हयच रवतलंय."